जिभेखालचा खडा

आमच्या बडोद्यातल्या मराठी मंडळींचा एक लहानसा दिवाळी अंक निघतो. त्याचं काम पाहणाऱ्या बाईंनी मला कान-नाक-घशाच्या डॉक्टरचे गमतीदार अनुभव लिहून मागितले. तशी सामग्री माझ्यापाशी भरपूर आहे. मुलांच्या नाकातून काढलेले शेंगदाणे आणि खोडरबराचे तुकडे, कानात शिरलेली झुरळं, आणि घशात माशाचा काटा अडकलेला असताना आपण मासे खाल्ले हे घरी कळू नये म्हणून मला हात जोडणारे एक सद्गृहस्थ. मी हो म्हटलं. नंतर अनेकदा कागद समोर घेऊन बसलो आणि प्रत्येक वेळी एकाच दुखण्यापाशी येऊन थांबलो. ते इतकं किरकोळ आहे की त्यावर कुणी लेख लिहीत नाही. त्यानं माणूस दगावत नाही. पण ज्याच्यावर जन्मभर उपचार केले त्याविषयी आपल्याला अर्धंच ठाऊक होतं, हे मला गेल्या वर्षी कळलं, आणि मग गमती लिहिणं जमेना.

दुखण्याचं नाव लाळग्रंथीतला खडा.

मूतखडा सगळ्यांना माहीत असतो. पित्ताशयातल्या खड्याची हकिगत सांगणारं प्रत्येक घरात कुणीतरी असतं. लाळेतही खडा होतो म्हटलं की लोक हसतात. लाळ तयार करणाऱ्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या आहेत. एक कानांपुढे, एक जबड्याखाली आणि एक जिभेखाली. खडे बहुतेक करून जबड्याखालच्या ग्रंथीत होतात. तिची लाळ जरा दाट असते, आणि ज्या नळीतून ती तोंडात येते ती नळी खालून वर चढते. आरशासमोर उभं राहून जीभ टाळूला लावली तर जिभेखालच्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना टाचणीच्या टोकाएवढी दोन छिद्रं दिसतील. लाळ येते ती तिथून. पाणी कमी प्यालं, एखाद्या औषधानं तोंड सुकलं, की लाळ साचून राहते. तिच्यातला चुन्यासारखा अंश एखाद्या कणाभोवती बसत जातो आणि काही वर्षांनी तांदळाच्या दाण्याएवढा, क्वचित हरभऱ्याएवढा, पिवळसर खडा तयार होतो.

एरवी तो गप्प असतो. माणूस जेवायला बसला की ग्रंथी आपलं काम सुरू करते. लाळ निघते, वाटेत खडा असतो, आणि जबड्याखाली आवळ्याएवढी गाठ वर येते. ठणका लागतो. जेवण आटोपलं की गाठ हळूहळू ओसरते. जेवायलाच बसावं लागतं असंही नाही. कैरी चिरलेली दिसली, शेजारच्या घरातून फोडणीचा वास आला, तरी पुरतं. आपण समजतो की भूक ही आपली आपल्यापाशी असते. या लोकांची भूक बाहेरून दिसते.

निदान करायला मी लिंबू वापरत असे. आता लगेच सोनोग्राफी होते, पण मी सुभानपुऱ्यात दवाखाना काढला तेव्हा रोग्याला लिंबाची फोड चोखायला देणं हीच पहिली तपासणी होती. फोड तोंडात जायच्या आधीच गाठ उठायची. मग एक बोट जिभेखाली आणि दुसऱ्या हाताची बोटं जबड्याखाली धरून मधली जागा चाचपायची. खडा बोटाला लागला की डाळीतला खडा दाताखाली आल्यासारखं वाटतं. चुकत नाही.

ही लिंबं घरून यायची. सुनंदा, माझी पत्नी, शाळेत मराठी शिकवायची. सकाळी शाळेला निघण्यापूर्वी ती एका लहान डब्यात फोडी भरून द्यायची. इतर डॉक्टर तपासणीसाठी यंत्रं विकत घेतात आणि तुम्ही लिंबं, असं ती म्हणायची. तुमचे मिस्टर काय करतात असं कुणी विचारलं तर मी सांगणार आहे, ह्यांचं रसवंतीगृह आहे.

एकदा छाणीचे रमणभाई, लहानसं लेथचं वर्कशॉप असलेले, आपल्या आईला घेऊन आले. बांचा जबडा सुजत होता. मी डबा उघडून फोड पुढे केली तशा बा खुर्चीत मागे सरकल्या. त्यांनी फोडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "साहेब, आ लिंबु कोना माथेथी उतार्युं छे?" कुणाच्या डोक्यावरून ओवाळलंय? रमणभाईंची मान खाली गेली. मी बांना सांगितलं की माझ्या बायकोनं चिरलंय आणि ते कुणावरूनही ओवाळलेलं नाही. फारशी खात्री न पटता त्यांनी ते चोखलं. गाठ उठली. आणि मी हातमोजे घालत होतो तेवढ्यात त्यांनी तळहातावर काहीतरी काढलं आणि माझ्यापुढे धरलं. "पथरी नीकळी गई." खडा निघाला म्हणे. पांढरट, गुळगुळीत, तांदळाच्या दाण्याहून जरा मोठी. ती लिंबाची बी होती. मी परोपरीनं सांगितलं. बांनी ती रुमालाच्या गाठीत बांधून घरी नेली, गल्लीतल्या सगळ्यांना दाखवली, आणि आंब्याच्या दिवसांत पुन्हा सुजलेला जबडा घेऊन आल्या. तेव्हा खरा खडा निघाला. त्यांच्या मते तो दुसरा होता.

हे घरी सांगितलं तेव्हा सुनंदा पोट धरून हसली. दुसऱ्या दिवसापासून डब्यातल्या फोडींत बी नसायची. सुरीच्या टोकानं एकेक काढून मगच ती डबा भरायची. मग ती तिच्या हाताची सवयच झाली.

कोयलीच्या रिफायनरीतले सावंत मात्र मला वेगळ्या कारणानं आठवतात. भट्ट्यांच्या बाजूला ड्यूटी. उन्हाळ्यात तिथं उभं राहायचं आणि सारखं उठावं लागू नये म्हणून पाणी बेतानं प्यायचं, असं बरीच वर्षं चाललेलं. त्यांची गाठ किती जुनी आहे हे त्यांना सांगता येईना. ते कँटीनमध्ये कोपऱ्यात, सगळ्यांकडे पाठ करून जेवत. सोबती म्हणत, सावंतांचा डबा म्हणजे सरकारी गुपित. कुणाला वाटे माणूस चिक्कू आहे, कुणाला वाटे शिवाशिव पाळतो. घरीही ते भिंतीकडे तोंड करून बसत. त्यांना माझ्याकडे ओढून आणलं ते बायकोनं. मुलीच्या साखरपुड्याला व्याह्यांच्या पंगतीत पहिलं वाढप सुरू होताच हे उठून निघून गेले होते, आणि व्याही समजले की यांना लग्न पसंत नाही. लग्न मोडायच्या बेताला आलं होतं.

मी त्यांना समजावलं. रोज अशा रोग्यांना समजावत असे तसंच. "अहो, यात लाजण्यासारखं काय आहे? जबडा सुजतो, एवढंच ना?"

सावंत म्हणाले, "साहेब, सूज दिसते त्याचं काही नाही. मला खायचंय, हे दिसतं."

मी मान डोलावली आणि हातमोजे घातले. मला ते वाक्य चमत्कारिक वाटलं आणि लक्षात राहिलं, इतकंच.

त्यांचा खडा नळीच्या तोंडाशी होता. असा खडा काढणं हे आमच्या धंद्यातलं फार समाधानाचं काम. जिभेखाली बधिर करण्याचं इंजेक्शन द्यायचं, खडा मागे सरकू नये म्हणून त्याच्या पाठीमागे एक टाका घालून नळी आवळून धरायची आणि वर लहानशी चीर द्यायची. खडा आपण होऊन वर येतो, मागोमाग तुंबलेली लाळ. चीर शिवायची नाही, टाका काढून टाकायचा. रोगी चूळ भरून उठतो. सावंत लग्नाच्या पंगतीत व्याह्यांच्या शेजारी बसून जेवल्याचं त्यांची बायको पुढे सांगायला आली होती.

खडा खोल, ग्रंथीच्या पोटात असला तर काम सोपं नव्हतं. मग मानेवर चीर देऊन अख्खी ग्रंथीच काढायची. तिथून ओठाच्या कोपऱ्याला हलवणारी एक बारीक नस जाते. ती सांभाळली तरी कधी कधी रुसते आणि काही महिने हसणं तिरकं होतं. आता केसांच्या पिनेएवढी बारीक दुर्बीण निघाली आहे. ती त्या टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रातून आत घालतात, पाण्याच्या धारेनं नळी फुलवतात, तारेच्या इवल्या टोपलीत खडा धरतात आणि बाहेर काढतात. ग्रंथी शाबूत राहते. मी काढलेल्यांतल्या कितीतरी ग्रंथी आज वाचल्या असत्या. हेतल, जी माझ्याकडे शिकाऊ म्हणून आली आणि आता माझ्याहून चांगली सर्जन आहे, ती हे तंत्र शिकून आली तेव्हा मी शेजारी उभा राहून पडद्यावर ती नळी आतून पाहिली. गुलाबी, ओली, वळत गेलेली वाट, आणि टोकाला तो पिवळा धोंडा. इतकी वर्षं मी तो फक्त बोटांनी ओळखत होतो. मग लवकरच मी दवाखाना बंद केला.

सुनंदा दोन वर्षांपूर्वी आजारी पडली आणि गेल्या वर्षीच्या सुरुवातीला गेली. आजाराविषयी मी लिहिणार नाही. शेवटी शेवटी तिला अन्न जात नव्हतं, एवढंच इथे पुरे. तिच्या खोलीत वास जाऊ नये म्हणून मी स्वयंपाकघराचं दार लावून, उभ्यानं, जे असेल ते गिळत असे. झोपेसाठी एक जुनी गोळी घेत होतो. तिनं तोंड कोरडं पडतं हे मला चांगलं ठाऊक होतं. पाणी पिण्याचं ध्यान राहत नसे. म्हणजे जे जे करू नका असं रोग्यांना सांगितलं ते ते मी करत होतो.

तेराव्याला गोडजेवण होतं. मुलगा परदेशातून येऊन क्रियेला बसला होता. सोसायटीच्या आवारात मांडव घातला होता आणि बडोद्यातले नातेवाईक, तिच्या शाळेतल्या बाया, माझे जुने सहकारी, सगळे पंगतीला होते. सुनंदाची थोरली बहीण उषाताई पुण्याहून आल्या होत्या. आमच्याकडे सुतकानंतरचा पहिला गोड घास माहेरच्या माणसानं भरवायचा अशी रीत आहे. तोवर पंगतीतलं कुणी हात लावत नाही. सगळे माझ्याकडे पाहत होते.

पान वाढलेलं होतं. डाव्या बाजूला मीठ, लिंबू, पंचामृत. वाटीत अळूची पातळ भाजी, चुका घातलेली, वर खोबऱ्याचे काप. तिचा आंबट, गरम वास थेट नाकात आला. उषाताई माझ्यासमोर आल्या, त्यांनी बुंदीच्या लाडवाचा तुकडा मोडला आणि म्हणाल्या, "डॉक्टर, आ करा."

मला भूक लागली होती. मी याला दुसरा शब्द शोधून पाहिला, सापडला नाही. कित्येक आठवड्यांत लागली नव्हती तशी, साधी, निर्लज्ज भूक. तोंडाला पाणी सुटलं आणि त्याच क्षणी डाव्या जबड्याखाली काहीतरी ताणलं गेलं. कॉलर एकदम घट्ट व्हावी तसं. मग कळ आली. हात जायच्या आधीच मला निदान कळलं होतं.

मी जबड्यावर तळहात दाबून मान खाली घातली. कळीनं डोळ्यांत पाणी आलं. उषाताईंचा हात हवेतच थांबला. मागून कुणीतरी म्हणालं, "राहू द्या, राहू द्या. सहन होत नाहीये त्यांना." मुलानं मला दंडाला धरून उठवलं आणि घरात नेऊन आईच्या खाटेवर बसवलं. बाहेर सगळं शांत झालं होतं. एक बाई हुंदका देत होती. मी सुनंदाच्या खाटेवर बसलो होतो, जबडा हातात धरून, आणि अळूच्या भाजीचा विचार करत होतो.

तेव्हाच बाहेर जाऊन सांगता आलं असतं. सांगितलं नाही. एक शब्दही न बोलता मी त्या सगळ्यांना फसवलं, आणि ती फसवणूक माझ्यावाचूनच वाढत गेली. डॉक्टरांना घास उतरला नाही, असं सुभानपुऱ्यात झालं. पुण्यात उषाताईंनी सांगितलं. नात्यातल्या एका मुलीचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या आईनं तिला माझं उदाहरण दिलं, असं मला फोनवर आदरानं कळवण्यात आलं. मला पाहिलं की लोक आवाज उतरवत. शेजारच्या भावनाबेन खमण आणून देत आणि दारातूनच परत जात, म्हणत, "काका, थोडुं तो जमजो," थोडं तरी जेवा. आणि दार लागल्यावर मी ते खमण, वरची मिरची आणि लिंबाची चव टाळत, हळूहळू खात असे. सुजायचंच.

मी कुणाकडे जेवायला जाईनासा झालो. आंबट बंद केलं. दूधभात, मऊ खिचडी. खरं तर अशा वेळी आंबट चोखावं, जबड्याखाली बोटांनी मागून पुढे चोळावं, शेकावं, भरपूर पाणी प्यावं, म्हणजे लहान खडा सरकून निघूनही जातो. हे मी हजारदा सांगितलं असेल. आता एकटाच असूनही मी लिंबू चोखू शकत नव्हतो. गाठ उठली की वाटे, पुन्हा मांडवात बसलो आहे. हेतलकडे जाणं तर त्याहून कठीण होतं. ती पहिला प्रश्न काय विचारणार हे मला माहीत होतं, कारण तो मीच तिला शिकवला होता. पहिल्यांदा कधी सुजलं, आणि तेव्हा पुढ्यात काय होतं?

वर्षश्राद्धाला पुन्हा तीच माणसं येणार होती आणि मला त्यांच्यासमोर जेवायचं होतं. उषाताई तयारीला म्हणून आधीच येऊन राहिल्या. त्या आल्या त्याच आठवड्यात गाठ पिकली. जेवण झालं तरी ओसरेना, ताप आला, जिभेखाली पू चवीला लागला. तरी मी त्यांना दाढ दुखते म्हणून सांगितलं आणि स्वयंपाकघरात ओट्याकडे तोंड करून पेज पीत उभा राहिलो. मागे चाहूल लागली. वळलो तर उषाताई दारात होत्या. मला एकदम सावंतांची पाठ आठवली, जी मी कधी पाहिलीच नव्हती.

"दाढ बाहेरून सुजते का हो?" उषाताई म्हणाल्या. "चला. रिक्षा बोलावते."

हेतलनं मला रोग्याच्या खुर्चीत बसवलं. तिचं मराठी माझ्या दवाखान्यात शिकलेलं आहे. "सर, पाणी किती पिता?" मी भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं. "एटले नथी पीता," म्हणजे पीत नाही, असं ती स्वतःशीच म्हणाली. तिनं बोटांनी तपासलं, अगदी मी शिकवलं तसं, आणि मग हात धुता धुता तो प्रश्न विचारला. उषाताई शेजारच्या स्टुलावर बसल्या होत्या. त्यांना बाहेर बसा म्हणता आलं असतं.

"तेराव्याच्या जेवणाला," मी म्हणालो. "अळूची भाजी होती."

हेतलनं नुसती मान हलवली. तिच्या दृष्टीनं ते उत्तर बरोबर होतं. जेवताना, आंबट पाहून. तिनं प्रतिजैविकं लिहून दिली, झोपेची गोळी बंद केली आणि सूज उतरल्यावर दुर्बिणीनं खडा काढू म्हणाली.

रिक्षात उषाताई रस्त्याकडे पाहत होत्या. मग तोंड न वळवता त्यांनी विचारलं, "म्हणजे त्या दिवशी तुम्ही रडत नव्हता."

"नाही."

"भूक लागली होती."

"हो."

"मग रडलात कधी?"

मी आठवून पाहिलं. खोटं सांगण्याची ती उत्तम वेळ होती आणि मला त्यात सरावही झाला होता. "अजून नाही," मी म्हणालो.

घरी आलो, त्यांनी चपला काढल्या, मला पाण्याचा तांब्या भरून दिला आणि मी पितो की नाही ते पाहत समोर उभ्या राहिल्या. मला वाटलं आता पुण्याला परत जायचं काढतील. आपल्या बहिणीच्या नवऱ्याविषयी वर्षभर त्या काय काय सांगत होत्या ते मला ठाऊक होतं.

"मी त्या दिवशी आचाऱ्याकडे जाऊन उभ्यानं लाडू खाल्ला होता," त्या म्हणाल्या. "तुम्हाला भरवायच्या आधी. बुंदी चांगली पाडली होती त्यानं." आणि माझ्या हातून तांब्या परत घेत, "दुसराही घेतला."

मी हसलो. जबडा दुखला. त्या हसल्या नाहीत. ओचे खोचून त्यांनी पेज पुन्हा गरम करायला ठेवली.

दुर्बिणीचं काम छान झालं. हेतलनं पडदा माझ्याकडे वळवून ठेवला होता, म्हणून मी माझी स्वतःची नळी आतून पाहिली. तीच गुलाबी वाट, तोच धोंडा, टोपलीत येता येता दोनदा निसटलेला. निघाला तेव्हा तिनं तो माझ्या तळहातावर ठेवला. इतका लहान होता की माझा विश्वास बसेना. ही भावनाही मी कितीतरी रोग्यांच्या चेहऱ्यावर पाहिली होती आणि तिला अज्ञान समजलो होतो. घरी न्यायचा का, असं तिनं विचारलं. मी नको म्हणालो. जाताना तिनं उषाताईंना बजावलं की काही दिवस प्रत्येक जेवणात आंबट हवं, लाळ वाहती राहायला पाहिजे.

वर्षश्राद्धाला तीच मंडळी आली, मुलगाही परदेशातून आला होता. मांडव नव्हता, घरातच टेबलं मांडली होती. खीर, वडे, कढी, आमसुलाची चटणी. श्राद्धाच्या पानात आमच्याकडे लिंबू वाढत नाहीत. पण उषाताईंनी हेतलचा हुकूम मोडला नाही. गुरुजींकडे न पाहता त्यांनी एकट्या माझ्या पानात फोड आणून ठेवली. मग समोर जाऊन बसल्या. या वेळी घास भरवायचा नव्हता. मी वड्याचा तुकडा मोडला, चटणीला लावला आणि तोंडात घातला. तोंडाला पाणी सुटलं, सुटत राहिलं, आणि जबड्याखाली काही झालं नाही. मी खात होतो. शेजारच्या टेबलावर कुणीतरी हळूच म्हणालं, "डॉक्टर आता छान सावरले." वर्षभर ज्या गोष्टीची लाज वाटली ती त्यांनी आता उलटी करून पुन्हा माझ्या पदरात घातली होती, आणि याही वेळी ते चुकत होते की नाही हे मला सांगता येत नव्हतं.

मग मी लिंबाची फोड उचलून चोखली. जिभेवर काहीतरी कठीण आलं. गुळगुळीत, तांदळाच्या दाण्याहून जरा मोठं. क्षणभर मला वाटलं की हेतलच्या हातून एक खडा राहून गेला होता आणि तो आपण होऊन बाहेर आला. मी तो बोटांत धरून पाहिला.

बी होती. फोडीत अजून तीन होत्या. उषाताईंनी लिंबू चिरलं होतं तसं कुणीही चिरतं. रमणभाईंच्या आईनं ती बी रुमालात बांधून नेली त्या दिवसापासून माझ्या पानात बीवाली फोड आली नव्हती. दवाखान्याचा डबा बंद झाल्यावरही नाही, सणावारी नाही, सुनंदा आजारी पडेपर्यंत एका जेवणाला नाही. घरच्या माझ्या फोडीतल्याही बिया कुणीतरी रोज काढत होतं, आणि बी नसणं ही लिंबाचीच रीत असावी तसा मी जेवत आलो होतो.

हात जबड्याकडे गेला. जबडा सपाट होता. मी तसाच हात दाबून धरला आणि मान खाली घातली.

"परत सुजलं का?" उषाताईंनी समोरून विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली. समोरचं पान अंधुक दिसत होतं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, शेजारच्या टेबलावरून उठू लागलेल्या माणसाला हातानं बसवलं आणि मुलाला म्हणाल्या, "वाढ रे त्यांना अजून एक वडा. जेवतायत ते."